चेलोचा पोळा

आमच्याकडे चेलो आला त्या दिवशी गल्लीत बातमी पसरली की नर्सबाईंनी फ्रिज घेतला. माणसाच्या उंचीची काळी कडक पेटी, ऑटोतून अर्धी बाहेर आलेली. लोकांचं तरी काय चुकलं? समोरच्या भाभी गेटपाशी येऊन म्हणाल्या, "डबल डोर है क्या दीदी?" मी म्हटलं, "बाजा है." "किसका?" "मेरा." त्यावर त्यांनी जे तोंड केलं ते मी अजून विसरले नाही. विसरणारही नाही, माझा स्वभावच तसा आहे.

घरात सासूबाई वाट पाहत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सगळा जन्म खैरलांजीकडच्या शेतीत काढलेल्या, आणि सासरे गेल्यावर नाइलाजाने बालाघाटला आमच्याकडे राहायला आलेल्या. मी पेटी उघडली, आत व्हायोलिनचा थोरला भाऊ. त्यांनी चेलोला एक पूर्ण फेरी मारली, चष्मा वर सरकवला आणि पोटावर बोटाने टकटक करून पाहिलं.

"पोकळच हाय," त्या म्हणाल्या. "पोट हाय, मान हाय, खांदे हाय. पाय एकच काहून?"

मी सांगितलं की ती खालची सळई जमिनीवर टेकवायची, मग वाद्य गुडघ्यांत धरायचं आणि या गजाने तारा घासायच्या. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात हेही सांगितलं. हे शेवटचं मी सांगायला नको होतं, पण तेव्हा मला काय माहीत.

आमचे हे वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये मशिनी दुरुस्त करतात. ते संध्याकाळी आले, जोडे काढले, चेलोकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती दिवसांसाठी हाय?" या माणसाला दुखरी जागा बरोबर सापडते. कारण चेलो माझा नव्हता. तो एका वर्षापुरता होता, आणि वर्षानंतर राहायचा की जायचा हे माझ्यावर होतं.

त्याची मालकीण नागपूरची. एका वर्षी त्या बैहरकडे जंगल बघायला निघाल्या होत्या, वाटेत मुक्कामाच्या जागी न्हाणीघरात घसरल्या आणि डावं मनगट मोडून आमच्या वॉर्डात दाखल झाल्या. सत्तरीच्या, ताठ, बोलणं मोजूनमापून. डॉक्टर आले की त्यांचा एकच प्रश्न, "बोटं हलतील ना?" मला वाटलं टायपिस्ट असतील. मी दर दोन तासांनी जाऊन त्यांची बोटं हलवून घ्यायचे. त्या कण्हायच्या, मी रागवायचे, त्या मला रागवायच्या. दोन दिवसांत आमची चांगली ओळख झाली.

पुढे एका लग्नाला नागपूरला गेले तेव्हा त्यांच्याकडे चहाला गेले. त्या आयुष्यभर चेलो शिकवत आल्या होत्या हे मला तिथे कळलं. मनगट जुळलं होतं, पण तारेवर हात वळायला हवा तसा वळत नव्हता. "आता माझ्या वाट्याला उघड्या ताराच," त्या म्हणाल्या आणि डाव्या हाताने तारा न दाबता, उजव्या हाताने गज ओढून चारच सूर वाजवले. सर्वांत खालचा सूर लागला तेव्हा माझ्या हातातली बशी थरथरली. मी दिवसभर खोकले ऐकते, नातेवाइकांची भांडणं ऐकते, लिफ्टची घंटी ऐकते. इतकं खालच्या आवाजात माझ्याशी कुणी कधी बोललंच नव्हतं. मला तो आवाज पाहिजे होता. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला एकदम काहीतरी पाहिजे होतं, आणि मला त्याची इतकी लाज वाटली की मी चहा तसाच टाकून उठले.

मॅडमनी ओळखलं. मला त्या अजूनही सिस्टरच म्हणतात. "सिस्टर, तुम्ही माझ्या बोटांना दोन दिवस झोपू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "याच्या तारांनाही झोपू देऊ नका. न वाजवलेलं लाकूड मुकं होतं. माझी एक विद्यार्थिनी तो मागते आहे, पण तिला मी वर्षभर थांबवते. पुढच्या गणपतीच्या आधीच्या रविवारी तुम्ही इथे यायचं आणि एक पान वाजवायचं, सोळा ओळी. चुकलात तर चालेल. थांबायचं नाही. आणि लाकडाला तडा जायला नको. जमलं तर हा तुमचा. नाही तर त्याच संध्याकाळी तिचा."

अशी ती अट होती. मी घरी सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "एक वर्स बैल वापरासाठी, आन् आवडला तर ठेवाचा. चांगला सौदा हाय." हे चेलोची खुंटी फिरवून पाहत होते. मी त्यांच्या हातावर चापट मारली.

शिकवणी दर रविवारी मोबाइलवर, आणि महिन्यातून एकदा नागपूरला जाऊन. "सिस्टर, गज धरलाय की सलाईनची बाटली?" हे माझ्या पहिल्या तीन महिन्यांचं सार. फरशीवर सळई घसरायची आणि चेलो माझ्या मांडीतून हळूहळू निघून जायचा. शेवटी यांनी जुन्या रबरी चपलेला भोक पाडून सळईखाली ठेवली आणि तो थांबला. मॅडमनी स्क्रीनवर ती चप्पल पाहिली, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

बसण्याची पद्धत हा आमच्या घरातला वेगळा विषय. साडी सावरून, गुडघे फाकवून, मधे ते धूड घेऊन बसावं लागतं. सासूबाई समोरच्या खाटेवर तांदूळ निवडायला बसायच्या, बरोब्बर माझ्या सरावाच्या वेळी, दिवेलागणीला. "अशी बसून म्या बारा म्हशी दोह्यल्या," त्या म्हणायच्या. "एकीनं बी असा आवाज नाई काढला." एकदा म्हणाल्या, "हे रेडकू काहून रडून राह्यलं? माय मेली का त्याची?" शेजारच्या भाऊंनी तर भिंतीपलीकडून विचारलं, "भाभी, भैंस को डॉक्टर को दिखाया?" मी भिंतीकडे तोंड करून आणखी जोरात वाजवलं.

खरी मदत झाली ती यांची, आणि तीही त्यांच्या नकळत. गज तारेवरून घसरायचा, नुसतं सूं सूं व्हायचं. हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "पट्टा सरकून राह्यला तुया." "कसला पट्टा?" "मिलचा पट्टा असाच आवाज करते. राळ लाव. आमी पट्ट्याले तेच लावतो." मॅडमनी दिलेली राळेची वडी पेटीत तशीच पडली होती, मी फारच जपून वापरत होते. भरपूर लावली तसा गजाने तार पकडली. पकड पाहिजे, मऊपणा नको, हे मला मिलवाल्याने शिकवलं. मॅडमना मी हे सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं त्यांनीच शिकवलं.

उन्हाळा आला तशी मॅडमनी ताकीद दिली की कोरड्या हवेत लाकूड तडकतं. पेटीत ओला स्पंज ठेवायचा, भोकं पाडलेल्या साबणदाणीत, आणि पाणी रोज बदलायचं. यांना ते लगेच पटलं. "धानाचं बी तसंच," ते म्हणाले. "जास्त सुकलं की मिलमधे कणी होते, जास्त ओलं राह्यलं की बुरशी." सासूबाईंनी यावर मान हलवली नाही, पण ऐकलं.

मे महिन्यात एका दुपारी मी ड्यूटीवर असताना सासूबाईंचा फोन आला. कधी फोन करत नाहीत.

"तुयं ते जनावर गेलं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी घाईत चेलो बाहेरच, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला होता. उन्हाने खुंट्या ढिल्या पडल्या, तारा सैल झाल्या आणि तारांखालची घोडी, म्हणजे तो लाकडी छोटा पूल, धाडकन खाली पडली. मी घरी आले तर पडदे ओढलेले, फरशीवर पाणी शिंपडलेलं आणि चेलोभोवती ओला पंचा गुंडाळलेला. सासूबाई शेजारी बसून हातपंख्याने वारा घालत होत्या. तारांच्या मधे एक कांदा खोचला होता.

"लू लागली असन त्याले," त्या म्हणाल्या. "म्या कांदा ठेवला."

मी हसून हसून खाली बसले. मग ओला पंचा लाकडाला किती वाईट ते सांगितलं, कांदा काढला, मॅडमना व्हिडिओ लावून घोडी परत उभी केली. तडा कुठे गेला नव्हता. पण त्या दिवसापासून साबणदाणीतलं पाणी बदलायचं काम मला करावं लागलं नाही. सकाळी चहाच्या आधी त्या पेटी उघडायच्या, स्पंज पिळून भरायच्या आणि पेटी बंद करायच्या. "पाणी पाजलं," असं मला सांगायच्या. पावसाळ्यात मी म्हटलं, आता नको, हवेतच ओल आहे, तर त्यांनीच पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. "भित ओल धरते," म्हणाल्या. माझ्या वाजवण्याचं कौतुक मात्र त्यांनी कधी केलं नाही. फार तर, "आज कमी रडला."

ऑगस्टपर्यंत मला सोळा ओळी यायला लागल्या. सुंदर नाही, पण न थांबता. गुरुवारी पोळा होता, सोमवारी गणपती आणि मधला रविवार माझा.

पोळा म्हटला की सासूबाईंचं घरात लक्ष नसतं हे मला माहीत होतं. गावी त्यांच्या दावणीला कायम बैलजोडी असायची. सासरे गेले, शेती बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिली आणि शेवटची जोडी विकली, त्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दर पोळ्याला त्या मातीचे बैल पूजायच्या आणि दिवसभर तोंड पाडून बसायच्या. "हा तर कालच बनला," मातीच्या बैलाकडे बघून म्हणायच्या. "यानं काम कवा केलं? याले कायची पुरणपोळी?" पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तेलाने चोळतात, जू वाहून सुजलेले असतात ते. चोळताना त्याला म्हणायचं असतं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे ज्याला म्हणावं असं त्यांच्याकडे कुणी उरलं नव्हतं.

मी बुधवारी संध्याकाळच्या आणि गुरुवारी सकाळच्या पाळीवर होते. गुरुवारी दुपारी चारला घरी आले आणि दारातच थबकले.

चेलो पेटीतून काढून पाटावर उभा केला होता, मागे खुर्चीचा टेकू. मानेच्या वरची जी लाकडी गुंडाळी असते तिला बाशिंग बांधलं होतं. गळ्यात झेंडूची माळ. दोन्ही खांदे हळदीने पिवळे आणि तेलाने चकचकीत. पाठीवर गेरूचा अख्खा पंजा, पाची बोटं. समोर केळीच्या पानावर पुरणपोळी. आणि गज, माझा गज, देवासमोर आडवा ठेवलेला, त्याचे पांढरे केस जवसाच्या तेलाने निथळत होते.

"शेपटी भल्ली कोरडी झालती त्याची," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "दोनदा चोळली."

माझ्या तोंडून शब्द असे फुटले की आजही आठवलं तर कान गरम होतात. मी म्हटलं, अहो तेल लागलं म्हणजे संपला तो गज, तीन दिवसांवर रविवार आहे, वर्षभर मी काय झक मारली का. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हटलं, "तुमचे बैल विकले त्याचा सूड माझ्यावर कशाला काढता?"

भांडण म्हटलं की एकाला तीन शब्द देणारी बाई, पण त्यांनी फक्त पान उचललं आणि आत नेलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. यांनी गज हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "पट्ट्याले तेल लागलं की मिल बंद." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पण आईनं त्याले कामाचा समजला."

ते मलाही कळलं होतं. मी मुद्दाम कळू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत पोरं नारबोद राक्षसिणीचा पुतळा घेऊन गावाबाहेर निघाली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, डास, खोकला, सगळं तिच्यासोबत घालवायची पद्धत आहे. पोरं ओरडत होती, "खोकला घेऊन जा गे नारबोद! ढेकूण घेऊन जा गे नारबोद!" शेजारच्या भाऊंनी गच्चीवरून आपलं घुसडलं, "बाजा भी ले जा गे नारबोद!" त्या आवाजाने मी उठले तर पुढच्या खोलीत सासूबाई फडकं घेऊन चेलोच्या पाठीवरचा गेरू पुसत होत्या. पुसून पुसून पंजा फिकट झाला होता, पण जिथलं पॉलिश जुनं होऊन उडालं होतं तिथे गेरू लाकडात मुरला होता. तो जाणार नव्हता.

"ठेवा," मी म्हटलं. "घासू नका, आत्याबाई."

"मास्तरीण बाई काय म्हणन?"

"म्हणू द्या काय म्हणायचं ते."

मी नर्स असण्याचा चेलोला एवढा एकच फायदा झाला. दवाखान्यात जखमा पुसायचं स्पिरिट आम्हाला पाण्यासारखं, आणि तेल त्याने सुटतं. मी केमिस्टकडून बाटली आणली, गजाच्या काडीला लागू नये म्हणून खाली कापड धरलं आणि कापसाने केसांची एक एक पट्टी पुसली. वाळवली, पुन्हा पुसली. सासूबाई कापसाचे बोळे करून देत होत्या. आम्ही बोलत नव्हतो, पण बोळे बरोबर वेळेवर येत होते. शनिवारी राळ घासली. गज वाजला, पण मधे एक वीतभर जागा अजूनही तेलकट होती, तिथे पट्टा सरकायचा.

रविवारी पहाटे मी निघाले तर सासूबाई नऊवारी नेसून, पिशवी घेऊन दारात तयार. "जनावर बजारात नेताना घरचं कोणी संगं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. बसमध्ये पूर्ण वाट पेटीला एका हाताने धरून होत्या.

मॅडमच्या खोलीत मी बसले. सासूबाई कोपऱ्यातल्या उंच खुर्चीत. मॅडमनी पान समोर ठेवलं, घड्याळ काढून ठेवलं आणि म्हणाल्या, "करा."

पहिल्या दहा ओळी मी अशा वाजवल्या की मला स्वतःलाच विश्वास बसेना. अकराव्या ओळीत एक लांब सूर होता, त्याला अख्खा गज लागतो, टोकापासून टोकापर्यंत. गज मधे आला आणि आवाज गेला. नुसती हवा. माझा हात पुढे गेला, खाली काहीच नव्हतं, आणि मी थांबले.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं?"

हे वाक्य मी तीन दिवस तयार ठेवलं होतं. सासूबाईंनी तेल लावलं. सरळ, खरं वाक्य. मी मान वळवली. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय जमिनीला पोचत नव्हते, पिशवी छातीशी धरली होती.

"माझ्या हातून तेल लागलं," मी म्हटलं.

"म्या लावलं," त्याच क्षणी त्या म्हणाल्या.

मॅडमनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघींनी मिळून लावलं?"

मग त्यांनी चेलो उचलून वळवला आणि पाठीवरचा पंजा पाहिला. फिकट, पण पाची बोटं स्पष्ट. त्यांनी त्यावर आपला मोडून जुळलेला डावा हात ठेवून पाहिला. सासूबाई खुर्चीतून उतरल्या. "पोळा होता, बाई," त्या म्हणाल्या. "ज्यानं वर्सभर काम केलं त्याले पोळ्याले जेवाले बोलवा लागते. इच्या संगं त्यानंच काम केलं. रोज. मी पाह्यलं हाय."

मॅडमनी चेलो माझ्या हातात परत दिला. मग मला म्हणाल्या, "अट काय होती, सिस्टर?"

"थांबायचं नाही."

"आणि?"

"थांबले."

"मग हा तुम्हाला मिळणार नाही."

मी हो म्हटलं. मला भोकाड पसरून रडावंसं वाटत होतं. मी गज ढिला केला, कापडाने तारा पुसल्या, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं, आणि पेटी उघडली.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "उन्हाळ्यात याला काय करायचं?"

सासूबाईंना वाटलं नवीन घरासाठी विचारतात. त्यांनी नीट समजावून सांगितलं. "रोज डबीत पाणी बदलाचं. वरून ओला कपडा नाई टाकाचा, मी टाकलता, वाईट असते. उन्हात नाई ठेवाचा. पावसाळ्यात भितीले नाई टेकवाचा. वाजवणं झालं की पांढरा भुगा पुसाचा, नाईतर चिकटते. गजाचा पेच ढिला कराचा, त्याले बी आराम लागते." मग थांबून, खालच्या आवाजात, "आन् शेपटीले तेल नाई."

"आणि वाजवणारी थांबली तर?"

"थांबन कशी?" सासूबाई चिडल्या. "दिवेलागणीले जुंपली का मी उठूच देत नाई तिले. इथं तुमी होत्या म्हणून थांबली. घरी थांबते का?"

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "सिस्टरनी अट मोडली, त्यांना मी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी माझी काही अट नव्हती. हा तुमचा, आजी. त्या मुलीचं मी बघते. गजाला नवे केस बसवून देते, पण सिस्टर, तुम्ही आता यांच्याकडे गडी."

परतीच्या बसमध्ये कंडक्टर पेटीचं तिकीट मागायला लागला. "अम्मा, इसका लगेगा." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या सीटकडे गेला. मालकीण झाल्याला चार तासही झाले नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरात चेलो सासूबाईंचा आहे. मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. कुठे न्यायचा असेल तर त्यांची परवानगी. सराव कमी झाला की त्या यांच्याकडे तक्रार करतात, "तुयी बायको कामचोर हाय." पाहुणे आले की पेटी उघडून पाठीवरचा पंजा दाखवतात, "हा माया हात." वाजवते कोण ते सांगत नाहीत. शेजारच्या भाऊंनी विचारलं, "अम्मा, अब आप बजाओगी?" तर म्हणाल्या, "मी काहून? बैल माया हाय, हाकणारी ठेवली हाय."

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली. संध्याकाळी त्या वाटीत हळद-तेल घेऊन आल्या तशी मी चेलोसमोर हात पसरून उभी राहिले.

"सरक," त्या म्हणाल्या. "त्याले नाई लावत. आठोन हाय मले."

त्यांनी कोरड्या फडक्याने त्याचे खांदे पुसले, एक एक करून, सावकाश, आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग वाटी उचलली आणि माझ्याकडे वळल्या.

"बस इथं. पदर काढ खांद्यावरून."

"मी? काहून?"

"रातभर हा खांदा धरून कोण कण्हते? मले ऐकू येते."

मी बसले. त्यांनी माझा उजवा खांदा चोळला, गज ओढून ओढून दुखणारा, त्यांच्या खरखरीत अंगठ्याने, हाडापर्यंत. मी हसत होते. "आत्याबाई, मी बैल हाय का?"

"मंग काय हाय? पंचवीस वर्सं झाली जुंपली तुले या घरात." आणि तेच वाक्य, तसंच, त्याच आवाजात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

या घरात पंचवीस वर्षं मीच सगळ्यांना म्हणत आले आहे, या जेवायला. मला कुणी म्हटलं नव्हतं. मला ते तोवर कळलंही नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. दोन तास बसून पुरणपोळ्या लाटल्या, चार फुटल्या त्या यांना दिल्या. पहिलं पान चेलोपुढे ठेवलं. दुसरं त्याच्या शेजारी, पाट मांडून, माझं. मी बसले. पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले, समोरचं पान दिसेना, हात पानावरच थांबला.

सासूबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"खाऊन राह्यली का रडून राह्यली?" त्या म्हणाल्या. "चुकलं तरी चालन. थांबू नको."

मी नाही थांबले.